तोंडचं की कानावरचं?

मालतीताई गोरे यांच्याकडे कोणीही बातमी घेऊन गेले की पाण्याच्या पेल्याआधी प्रश्न येई, "तोंडचं की कानावरचं?" बोलणाऱ्याच्या तोंडून स्वतः ऐकले असेल तर ते तोंडचे, दुसऱ्या कोणी सांगितले असेल तर कानावरचे. कानावरच्या गोष्टीला त्यांच्या घरात मज्जाव नव्हता. पण तिला दाराशी उभे राहावे लागे, बसायला जागा मिळत नसे.

मी पतीच्या बदलीमुळे साताऱ्याहून झाशीला आले आणि मुलींच्या एका इंटर कॉलेजात गणित शिकवू लागले. बारावीपर्यंतच्या शाळेला इकडे तसेच म्हणतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "कमज़ोर लड़कियों के लिए आप पूरी चेष्टा कीजिए." कच्च्या मुलींची चेष्टा करायला सांगणारी ही कसली शाळा, म्हणून मी संतापून शिक्षकदालनात आले. कोपऱ्यात संत्रे सोलत बसलेल्या एक उंच, सावळ्या बाई खळखळून हसल्या. "अगं सातारकरणी, चेष्टा म्हणजे इकडे प्रयत्न! तुझी मराठी फार शुद्ध आहे. इथे ती तुला रोज पाडेल. बैस, संत्रं खा." त्याच मालतीताई. त्या नागरिकशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावरही त्यांनी माझे 'सातारकरीण' हे नाव बदलले नाही.

त्यांचे घराणे पौरोहित्यासाठी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेले. ओरछा गेटजवळच्या गल्लीतील त्या घरात मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. भाचे-भाच्या "बुआजी, समझ में आता है, बोल नहीं पाते" म्हणून मोकळे होत. दोन भाषांच्या सीमेवर आयुष्य गेल्यामुळे शब्द कुठे घसरतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वर्गात त्या मुलींना तीन गोष्टी विचारायला लावत : हा माणूस कोणत्या भाषेत बोलला, कोणासमोर बोलला, आणि या वाक्याच्या आधी-नंतर काय बोलला? "अवतरणचिन्ह म्हणजे शपथ आहे, पोरींनो," असे त्या हिंदीतही म्हणत आणि मराठीतही.

ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले, तो त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यातला. मऊरानीपूरकडे जाणारी संध्याकाळची बस बंद झाली होती. तिकडून झाशीला शिकायला येणाऱ्या मुलींना शेवटचे तास सोडून निघावे लागे. प्रयोग दुपारनंतरच असत, ते बुडू लागले. अखेर मुली रस्त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी सीपरी बाज़ारात आमच्या भागातील आमदारांची सभा झाली, आणि त्यानंतरच्या सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या फोनवरील गटात एक चित्र येऊन पडले. आमदारांचा हात उगारलेला फोटो, आणि खाली ठळक अवतरणचिन्हांत : "रस्त्यावर बसणाऱ्या मुलींना शिक्षा मिळालीच पाहिजे!"

मंडळ पेटले. दुपारी तेच चित्र हिंदीतही फिरू लागले. त्यात 'सज़ा' असा शब्द होता. मी मालतीताईंकडे गेले तेव्हा तिथे रश्मी बसली होती, डोळे सुजलेले. तिची आई मालतीताईंची जुनी विद्यार्थिनी. रश्मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रोज मऊरानीपूरहून येत असे. वडिलांनी ते हिंदी चित्र पाहून फोनवर बजावले होते, आजचा दिवस शेवटचा.

"मैं तो सभा में थी, बहनजी. सज़ा बोले ही नहीं. पापा मान ही नहीं रहे."

मालतीताईंनी तिच्या वडिलांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बहनजी, विधायक खुद सज़ा की बात कर रहा है. कल थाने में लड़की का नाम आ गया तो? घर में रहेगी तो बची रहेगी."

"आपकी बेटी वहीं खड़ी थी. वो कह रही है, नहीं बोला."

"बच्ची है, उसने ठीक से नहीं सुना होगा. ये तो छपा हुआ है."

मालतीताईंनी फोन खाली ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? पोटच्या मुलीच्या तोंडचं खोटं, आणि फोनमधलं अवतरणचिन्ह खरं! याच्यासाठी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र घोकवलं का मी?"

तरीही त्यांनी रश्मीच्या शब्दावर निकाल दिला नाही. रागातही पद्धत सोडायची नाही, हा त्यांचा धडा मी तेव्हा पुन्हा गिरवला. "रश्मीला तो न बोललेला हवा आहे, मंडळाला बोललेला हवा आहे. मला तिसरा माणूस पाहिजे." मग त्यांनी दोन्ही चित्रे शेजारी धरली. "हा माणूस जन्मात मराठी बोललेला नाही. मग मराठी चित्र सकाळी आणि हिंदी दुपारी कसं? पिल्लू आधी आणि कोंबडी नंतर?"

मराठी चित्र गटात टाकणारा नीलेश होता. सरकारी कारखान्यात नुकताच रुजू झालेला, कोल्हापूरकडचा तरुण अभियंता. बोलावताच आला.

"तोंडचं की कानावरचं?"

"तोंडचं, ताई! मी सभेत मागंच उभा होतो. मित्रांना लगेच लिहून कळवलं, त्यांच्यापैकी कोणीतरी हे चित्र केलं."

"काय म्हणाला तो?"

"शिक्षा मिळालीच पाहिजे, म्हणाला."

"तुझ्या भाषेत नको. त्याच्या भाषेत सांग."

नीलेशने डोळे मिटून आठवले. "'हमारी इन बच्चियों को शिक्षा मिलनी ही चाहिए.'"

रश्मीने चमकून वर पाहिले. "हाँ! यही बोले थे."

"आणि त्याच्या पुढे?" मालतीताईंनी विचारले.

"पुढं… बसचं काहीतरी. 'शाम की बस हम चलवाएँगे.' मला वाटलं, ते दुसऱ्याच विषयावर गेले."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सातवीतल्या मुलीलाही हे ठाऊक असते. पण समोर रस्त्यावर बसलेल्या मुली, व्यासपीठावर नावडता माणूस आणि कानात कोल्हापूर, यांतून नीलेशला जे ऐकायचे होते तेच ऐकू आले. तो शब्द मराठीत दंड होऊन गेला आणि हिंदीत सज़ा होऊन परत आला. वाटेत एकालाही थांबून विचारावेसे वाटले नाही. नीलेश बिचारा लालबुंद झाला. त्याने तिथूनच रश्मीच्या वडिलांना फोन केला, "भैयाजी, मेरी गलती हो गया, मैंने उलटा समझा." त्याचे ते मोडके हिंदी ऐकून रश्मी रडता रडता हसली. वडील एवढेच म्हणाले, "ठीक है, आती रहे. पर बस बिना कब तक?"

मंडळात मात्र खुलासा कोणाला नको होता. एका गृहस्थांनी लिहिले, "ताई, तुम्ही त्या माणसाची बाजू घेता?" मालतीताईंनी लिहायचे सोडून सरळ त्यांना फोन केला. "बाजू? त्याने आपल्या शाळेचं मैदान मेळ्याला दिलं, तेव्हा त्याच्या दारात जाब विचारायला उन्हात मी उभी होते. तुम्ही तेव्हा कुठे होता हो, अण्णा? माझा राग सच्चा आहे, त्याला खोटं खायला घालू नका."

त्यांचा खरा संताप यानंतरचा. आमदारांनी निवेदन काढले : हे सारे विरोधकांचे कारस्थान, त्या सभेत आपण असे काहीच म्हणालो नाही. त्या 'काहीच'मध्ये बसही बुडाली. "बघ सातारकरणी," त्या म्हणाल्या, "त्याच्या तोंडून एक वचन निघालं होतं. आम्ही त्यावर एवढं खोटं ओतलं, की ते पुसायला त्यालाच फडकं मिळालं. खोटं त्याला लागलंच नाही. लागलं ते या पोरीला."

मग त्या रश्मीला, नीलेशला आणि मला घेऊन आमदारांच्या कार्यालयात गेल्या. आमदारांनी उठून हात जोडले. "बहनजी, आप तो हमारी गुरु-समान हैं."

"गुरु-समान मत कहिए, तारीख कहिए. आपने कहा था, बच्चियों को शिक्षा मिलनी ही चाहिए, शाम की बस हम चलवाएँगे. सुनने वाले ये दोनों खड़े हैं."

आमदारांनी जोडलेले हात खाली घेतले. "देखते हैं, बहनजी."

"यह भी सुन लिया," मालतीताई म्हणाल्या आणि वळल्या.

त्या फेऱ्या मारत राहिल्या. थंडी ओसरायच्या आत छातीच्या विकाराने त्यांना अंथरुणाला खिळवले, आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या गटात त्यांचा हार घातलेला फोटो आला. समईचे चित्र, आणि खाली अवतरणचिन्हांत : "शिक्षण हाच जीवनाचा खरा प्रकाश आहे. — मालतीताई." खाली नमस्कारांची रांग. माझ्या अंगाची आग झाली. मालतीताई शिक्षणाला शिक्षण म्हणतच नसत. त्या 'पढाई' म्हणत. जीवनाचा प्रकाश वगैरे ऐकले असते, तर त्यांनी संत्र्याची साल फेकून मारली असती. ज्या बाईने शत्रूच्या तोंडातही खोटे वाक्य राहू दिले नाही, तिच्या मिटलेल्या तोंडात आम्ही ते कोंबले होते, आणि तेही श्रद्धांजली म्हणून!

मी गटात लिहिले : "तोंडचं की कानावरचं?" खाली आणखी दोन नमस्कार आले. तेव्हा मी पुढे लिहिले : "मालतीताई माझ्याशी शेवटचे जे बोलल्या ते असे. भाषा मराठी. समोर मी एकटी. त्याआधी मी विचारले होते, पाणी देऊ का. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले. वाक्य : 'रश्मीची बस सुरू झाली का?'"

बस अजून सुरू झालेली नाही.