मागच्या स्वाराची वही

मधुसूदनराव टिपरे यांना मी प्रथम पाहिलं ते अमेरिकेतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात. भाजीपाशी उभे राहून, हातात लांबलचक दुधी धरून, ते चार अनोळखी माणसांना सांगत होते, "हा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो समजा. यावर दोघं घोड्यावर बसल्यासारखे बसायचे. पुढचा चालवणार, मागचा बंदराभोवतीच्या जाळ्या कापणार. पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजाच्या पोटाला सुरुंग लटकवायचा. महायुद्धात इटलीच्या पाणबुड्या सैनिकांनी हे खरंच केलंय!" लोक ट्रॉल्या सोडून ऐकत होते. हाच विषय मी पुण्यात कॉलेजात असल्यापासून वाचत आलो होतो, पण माझ्यासाठी कधी कोणी ट्रॉली सोडली नसती. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला आणि गेली बावीस वर्षं तो माझ्याबरोबर आहे. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं.

त्यांच्या चिकाटीबद्दल दुमत नाही. आयटीतली नोकरी सांभाळून त्यांनी या पाणबुड्या सैनिकांवरचं मिळेल ते जमवलं, साठीच्या उंबरठ्यावर इटालियन शिकले. मीही त्याच वर्गात होतो. माझे उच्चार जास्त चांगले आहेत, असं शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं. पण इटलीहून पत्रं यायची ती मधुसूदनरावांना. त्यांच्या पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या मी काढल्या आहेत. लोक त्या पाहून म्हणतात, "टिपरेकाकांनी काय सॉलिड काम केलंय यार!"

सत्याशी ते तडजोड करत नाहीत. अलेक्झांड्रिया बंदरावरच्या स्वारीत एका पाणतीराचा मागचा स्वार बेशुद्ध होऊन वर गेला आणि पुढच्याने तो पाणतीर एकट्याने चिखलातून ओढत जहाजाखाली नेला. श्रोत्यांना ही गोष्ट फार आवडते. मधुसूदनराव मात्र मला नेहमी म्हणत, "अरे श्रीकांत, वर आल्यावर मागच्याच्या मनात काय आलं असेल? मागच्यांचं कोणीच कसं लिहून ठेवलं नाही?"

माझ्या पत्नीच्या रेडिएशनच्या वेळी मला गाडी चालवायचं धैर्य होत नव्हतं. सहा आठवडे रोज मधुसूदनरावांनी आम्हाला नेलं-आणलं. वाटेत ते गोष्टी सांगत आणि ती खळखळून हसे. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसलेली मला आठवत नाही. मला कृतज्ञता वाटली, नाही असं नाही. पण आधी हेवा वाटला.

चार वर्षांपूर्वी गावातल्या लायब्ररीत त्यांचं भाषण झालं. नंतर त्यांच्याभोवती ही गर्दी! एक वृद्ध इटालियन-अमेरिकन बाई वाट पाहून दमल्या आणि माझ्याकडे आल्या. "यू आर हिज फ्रेंड, राइट?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक जाड पाकीट ठेवलं. त्यांचे वडील पाणतीरावर मागे बसत. त्यांनी स्वतः लिहिलेल्या वहीची ती प्रत होती. "प्लीज गिव्ह इट टु हिम." मी "शुअर" म्हणालो.

आणि दिलं नाही. या विषयातली एक तरी गोष्ट फक्त माझी असावी, असं वाटलं. त्यावर मी पुस्तक लिहिणार होतो, एक प्रकरणसुद्धा झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. मागच्या स्वारांचं लेखन खूप शोधूनही मिळालं नाही, अशी खंत त्यांनी प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. त्याच प्रस्तावनेत पहिले आभार माझे आहेत.

गेल्या महिन्यात हा लेख लिहायला बसलो आणि हात पुढे चालेना. पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "त्या बाई आहेत ना?" एवढंच विचारलं. पाकिटावरचा नंबर मी वाचला, त्यांनी स्पीकरवर फोन लावला. मुलाने उचलला. "मॉम पास्ड अवे लास्ट विंटर," तो म्हणाला. "शी केप्ट वेटिंग फॉर युअर कॉल." मधुसूदनरावांनी त्याची माफी मागितली, स्वतःच विसरल्यासारखी. माझं नाव घेतलं नाही.

त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. रोज सकाळी दहाला मी जातो आणि ती वही मराठीत करून वाचून दाखवतो. ते डोळे मिटून ऐकतात. पूर्वी मी उठू लागलो की म्हणायचे, "बस रे जरा, घाई काय आहे?" आता वाचन थांबलं की टिपरेवहिनी माझा कोट आणून देतात. हा लेखही त्यांना वाचून दाखवला. "छापू देत," एवढंच म्हणाले.

वहीची निम्मी पानं उरली आहेत. ती संपल्यावर ते मला दारात उभं करतील की नाही, ठाऊक नाही. म्हणून मी फार सावकाश वाचतो. मधुसूदनरावांना निरामय, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांची शंभरी आपण सर्वांनी मिळून साजरी करावी. त्या पंचवीस वर्षांत एखाद्या सकाळी, मी जायला उठलो असताना, त्यांनी मला एकदा "बस रे" म्हणावं.