ज्याची गाडी, त्याचं तोंड बंद

रत्ना गेली हे ज्याला ज्याला फोनवर सांगितलं, त्याचा पहिला शब्द एकच होता... "गाडीवरून?" नातेवाइकांनी विचारलं, कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, दूधवाल्यानंही विचारलं. काहींच्या आवाजात तर, खोटं कशाला बोलू, थोडं समाधानही होतं. आम्ही म्हणतच होतो ना, अशा धाटणीचं. मी प्रत्येकाला सांगत राहिले, नाही हो, गाडीवरून नाही. दुपारी वरणभात जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं. ज्या मोटारसायकलच्या नावानं अख्ख्या गोतावळ्यानं वर्षानुवर्षं बोटं मोडली, ती त्या वेळी अंगणात पेरूच्या झाडाखाली स्टँडवर निमूट उभी होती. तेव्हा बंदी घालायचीच असेल तर वरणभातावर घाला, असं मी तिच्या एका मामेभावाला सुनावलं. त्याला ते आवडलं नाही. न आवडो.

आमचे दोघींचे वडील जबलपूरच्या एकाच संरक्षण कारखान्यात, क्वार्टर्सही समोरासमोर. तिचे बाबा मूळ भंडाऱ्याकडचे. राज्यांच्या नव्या सीमा आखल्या तेव्हा त्यांचं गाव तिकडे गेलं आणि नोकरी इकडे राहिली. परत जायचं का, हा प्रश्न त्यांच्या घरात कधी निघाला नाही. आमच्याकडे मराठी उंबरठ्याच्या आत आणि हिंदी बाहेर, अशी वाटणी होती. रत्ना मात्र दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरायची आणि कुणी हसलं की आणखी मोठ्यानं बोलायची. डिप्लोमा करून ती कारखान्याच्या तपासणी विभागात लागली आणि पहिली मोठी खरेदी काय केली, तर एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याची जुनी काळी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. मी शाळेत शिकवत होते आणि माझ्याकडे स्कूटर होती. तिला रत्ना कायम शिलाई मशीन म्हणायची.

"शोभे, काहून एवढी भिऊन राहिली वं?" पहिल्यांदा मागे बसवून तिनं मला नर्मदेपर्यंत नेलं तेव्हा ती वाऱ्यात ओरडून विचारत होती. मी भीत होते, यात शंका नाही. पण उतरल्यावर मला पुन्हा बसावंसं वाटलं, यातही शंका नाही.

मोटारसायकलमुळे तिचं लग्न झालं नाही, हे लोकांचं दुसरं आवडतं वाक्य. त्याचीही एकदा नीट नोंद होऊ दे. एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला शिकलेला, सरकारी नोकरीतला. त्याचे वडील कौतुकानं म्हणाले, लग्नानंतर गाडी मुलगा चालवेल, सूनबाई मागे बसेल. रत्ना म्हणाली, "बसते ना मागं. अट एकच. त्यानं माझ्याहून बरी चालवली पाह्यजे." मंडळी पोहे संपवून उठली. रत्नाची आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बाबा मात्र त्या रात्री... मला रत्नानं सांगितलं... पोट धरून हसले.

या बाबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय रत्ना सांगून होणार नाही. दसऱ्याला नागपूरला जायचा त्यांचा दर वर्षाचा नेम. एके वर्षी रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा रत्ना म्हणाली, मी नेते. पांढराशुभ्र सदरा, पांढरं धोतर, डोक्याला मफलर गुंडाळून म्हातारा लेकीच्या मागे बसला. सिवनीमार्गे नागपूर. परतीच्या वाटेवर त्यांनी तिला आडवळणाला घ्यायला लावलं, स्वतःच्या गावाकडे. गावाच्या मुख्य गल्लीत शिरल्यावर म्हणाले, "आता हळू घे." ती हळू गेली. गल्ली संपली. "वळव. अजून एक चक्कर मार." ओट्यावरची माणसं उठून पाहायला लागली. एकानं ओळखून विचारलंही, कोण पोरगी चालवून राहिली? बाबांनी मफलर काढला आणि सांगितलं, "माही पोरगी हाय. माह्या बापाले या गल्लीतून चपला हातात घेऊन जावं लागे. रत्ना, हॉर्न वाजव."

तिनं वाजवला. त्यानंतर तिला कुणी विचारलं, बाईमाणसाला कशाला हवी एवढी मोठी गाडी, तर ती उत्तरच द्यायची नाही. मी द्यायला गेले तर मलाही थांबवायची. म्हणायची, "ज्याले हॉर्न ऐकू आला नाही, त्याले काय सांगून ऐकू येणार?"

आता आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल. जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या बाजारामागे पप्पू भैयांचं गॅरेज आहे. दर रविवारी सकाळी तिथे पाच-सात गाडीवेडी माणसं जमायची. कारखान्यातली, रेल्वेतली, कॉलेजातून निवृत्त झालेले तिवारीजी, रत्ना, आणि तिच्यामुळे मी. जुन्या टायरांवर बसायचं, चहा प्यायचा आणि गाड्यांवर बोलायचं. सुरुवातीला मोठी पंचाईत व्हायची. प्रत्येकाचा आपला तो बाब्या. जो तो स्वतःच्या गाडीचं गुणगान करून दमायचा आणि दुसऱ्याचं ऐकायची वेळ आली की घरी जायचा. तेव्हा रत्नानं कायदा केला. दर रविवारी एकाची गाडी मध्ये स्टँडवर लावायची. बाकीच्यांनी तिच्याबद्दल हवं ते बोलायचं, चांगलं, वाईट, अगदी वाह्यात. आणि चहा संपेपर्यंत ज्याची गाडी, त्याचं तोंड बंद. जो बोलेल त्यानं सगळ्यांना खव्याची जिलेबी खाऊ घालायची.

कायदा तिनं केला आणि मोडलाही सगळ्यात जास्त तिनंच. तिची गाडी मध्ये आली की कुणीतरी मुद्दाम म्हणायचंच, "क्या उल्टी गाड़ी है, गिअर दाहिने, ब्रेक बाएँ!" ती ओठ आवळून बसायची, नाकपुड्या फुगायच्या, आणि मग स्फोट व्हायचा. "गाड़ी सीधी है. पैर आपके उल्टे हैं!" लगेच सगळे ओरडायचे, जलेबी! घरीही हे वाक्य इतक्यांदा व्हायचं की तिची आई ते झोपेतही म्हणेल, असं तिचा धाकटा भाऊ दिलीप चिडून म्हणायचा.

आमच्या गाड्या बोलून संपल्या की तिवारीजी मासिकांतून कापलेली स्पोर्ट्स कारची चित्रं आणायचे आणि एक चित्र स्टुलावर ठेवायचे. तिचा मालक आमच्यात कुणीच नसल्यामुळे सगळ्यांना बोलायची मुभा. मग दुपार व्हायची. कुणाला मागे बसवलेलं इंजिन पटायचं नाही, कुणाला दोनच दारं म्हणजे माज वाटायचा. तिकडून जाणारा एक ओळखीचा एकदा टोमणा मारून गेला, "ज्यांच्या बापानं अशी कार पाहिली नाही, ते काय गप्पा हाणतात!" रत्ना टायरवरून उठलीच. "काहून? बोलायले बी बापानं पाह्यली पाह्यजे का?" तो माणूस पुन्हा त्या वाटेनं गेला नाही. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की माणसाला काय परवडतं हे जग ठरवतं ते ठरवो, पण त्याला काय आवडावं हे ठरवायचा जगाला काहीएक अधिकार नाही.

आणि मग एका रविवारी तशी कार खरोखरच आली. पप्पू भैयांना कुठूनसं कळलं की बाहेरगावचा कुणी तरुण पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन भेडाघाटला आलाय. बैठक तशीच उठली. आम्ही पोहोचलो तेव्हा संगमरवराच्या दुकानांपाशी ही गर्दी. येताना गतिरोधकावर कारचं पोट घासलं होतं आणि आता परत जाताना मालक अडकून पडला होता. तिरपी घेऊन झाली, उतारू उतरवून झाले, जमेना. दुकानदारांनी फळ्या दिल्या. पण फळ्या पुरल्या की नाही हे वरून कळेना. रत्नानं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ रस्त्यावर पालथी पडली, हनुवटी डांबराला टेकवून. "भैया, धीरे... और थोड़ा... रुको, रुको... चलो अब!" आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ लाजून म्हणाले, "ताई, उठा ना, लोक पाहून राहिले." ती पडल्या पडल्याच म्हणाली, "पाहू द्या. ते वरून पाहून राहिले, मी खालून पाहून राहिली."

कार निघाली. मालकानं खूश होऊन तिला शेजारी बसायला बोलावलं, एक चक्कर मारून आणतो म्हणाला. रत्ना कुर्त्यावरची धूळ झटकत म्हणाली, "चलाने वाली सीट खाली हो तब बुलाना, भैया." तो हसला आणि गेला. ती जागा काही खाली झाली नाही. पण पुढचे कित्येक रविवार ती त्या कारच्या पोटाबद्दल बोलत होती... खालची सपाट चादर, नळ्यांची मांडणी, एका ठिकाणी वाळलेला चिखल. आयुष्यभर या गाड्यांबद्दल वाचत आलेले तिवारीजी लहान मुलासारखे विचारायचे, "और? और क्या दिखा?"

रत्नाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मग चार लोक बोलले. तोच मामेभाऊ उठून म्हणाला की ताई कर्तबगार होती, पण त्या एका नादानं संसार राहून गेला. मी उभी राहिले. म्हटलं, तिनं बापाला गावाच्या गल्लीतून दोनदा फिरवून आणलं, तुमच्या संसारात हे कुणी केलं असेल तर त्यानं बोलावं. मला रडू येत होतं, पण त्या माणसासमोर मी रडणार नव्हते.

नंतर पेरूखाली दिलीप माझ्याजवळ आला. तो रेल्वेत आहे, सरळ आणि घाबरट. "शोभाताई, गाडी विकून टाकतो. गिऱ्हाईक भेटलं. आमची मितू रोज येऊन तिच्याकडं पाहत बसते." मितू म्हणजे त्याची कॉलेजातली मुलगी. "माह्या घरातून अजून एक नको."

"अजून एक काय, दिलीप? ती गाडीवरून गेली नाही."

"मला माहीत आहे ना. पण लोक..."

लोक! मी काय बोलणार होते ते गिळलं. गिऱ्हाइकाला गाडी चालू स्थितीत ऐकायची होती आणि दिलीपला ती सुरू करता येत नव्हती. म्हणून रविवारी ती पप्पू भैयांकडे न्यावी लागली. पप्पू भैयांनी सवयीनं तिला मध्ये स्टँडवर लावलं. आम्ही सवयीनं टायरांवर बसलो. एक टायर रिकामा होता, त्यावर कुणी बसलं नाही. मितूही बापाबरोबर आली होती.

तिवारीजींनी विचारलं, "आज मालिक कौन है?"

"कोई नहीं," दिलीप म्हणाला. "मैं तो बेच रहा हूँ."

गिऱ्हाईक तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, टाकीवर टिचकी वाजवली आणि म्हणाला, "रंग बदलवाना पड़ेगा. और ये गिअर-ब्रेक तो पूरी उल्टी गाड़ी है."

इतक्या वर्षांची सवय, सगळ्यांच्या माना त्या रिकाम्या टायरकडे वळल्या. तिथून काही आलं नाही... येणार नव्हतंच. मीच बोलणार होते, कायदा गेला खड्ड्यात म्हणून. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"गाड़ी सीधी है. पैर आपके उल्टे हैं!"

दिलीप. लालबुंद झालेला, आणि स्वतःच दचकलेला. गिऱ्हाइकाला काही उमगेना. पप्पू भैया तोंड फिरवून हातातला पाना पुसायला लागले. तिवारीजी हळूच म्हणाले, "जिससे चुप न रहा जाए, गाड़ी उसी की. जाइए, जलेबी लाइए." दिलीप गेला आणि जिलेबी घेऊन आला. गाडी विकली गेली नाही.

आता रविवारी दिलीप येतो. बहिणीसारखाच, जिभेला हाड नाही. जिलेबी बहुतेक तोच आणतो. गेल्या रविवारी काळी गाडी पुन्हा मध्ये होती. चहा अजून संपायचा होता. मितू उठली. घरात सगळं मराठी समजणारी पण कधी न बोलणारी ही मुलगी शब्द जुळवत म्हणाली, "पप्पा... मी चालवू?"

दिलीपनं तोंड उघडलं. काय म्हणणार होता ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पडशील, लोक काय म्हणतील, तुझी आत्या... तिवारीजींनी बोट वर केलं. "दिलीपजी. चाय अभी बाक़ी है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही. मग त्यानं खिशातून चावी काढली, मितूच्या हातावर ठेवली आणि त्या रिकाम्या टायरवर जाऊन बसला. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्या किकला धरली. मितूनं, आत्याला टाकताना पाहिलं होतं तसा, उजव्या पायानं गिअर टाकला आणि ती बाजाराच्या दिशेनं वळली, कोपऱ्यावर लांबलचक हॉर्न वाजवून. दिलीपनं चहा संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.