सोयरिकीचा कोरा चहा

लेकीला, दिपिकाला बघायला येणाऱ्यांसाठी चहा करून करून चंद्रकला थकली होती. अंगाचं म्हणाल तर भाताची लावणी याहून जड असते, तिचं तिला काही वाटायचं नाही. हा थकवा पाहुणे गेल्यावर, कपबश्या विसळताना यायचा. एकाला मुलीचा रंग नको, एकाला तिची नोकरी नको, एकाला नोकरी हवी पण शहापूरच्या औषधाच्या दुकानातली नको. एकांनी तर साखरपुड्याची तारीख काढतो म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोनच उचलला नाही. ते स्थळ मोडलं तेव्हापासून दिपिका कशालाही एकच म्हणायची, "चालेल."

मग आसनगावच्या दीपेशचं स्थळ आलं, म्हणजे त्याचा फोन आला. स्टेशनपासून आत, नव्या वसाहतीत एक चौक बांधला होता, चिनी चहाचा. दीपेश तिथं लोकांना चहा पाजायच्या कामावर होता. रविवारी तिथं गर्दी, त्याला सुट्टी मिळत नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "ह्या टायमाला तुमी चहा करू नका. तुमीच या, मी पाजतो."

चंद्रकला फोन हातात धरून बसूनच राहिली. असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

"घर बघायचं सोडून चौक बघायचा?" नणंद बाईजा म्हणाली. ती चंद्रकलेच्या नवऱ्यापेक्षा, अनंतापेक्षा मोठी. तिच्या होकाराशिवाय या घरात गाय विकली जात नाही की मुलगी दिली जात नाही. "बरं, चला. चहावालाच हाय, निदान चहा तरी चांगला पाजंल."

किन्हवलीहून एसटीनं शहापूर, तिथून रिक्षा. चौकात शिरल्यावर सगळेच क्षणभर उभे राहिले. मधोमध बैलगाडीएवढी दगडी किटली, तिच्या तोटीतून कुंडात पाणी पडत होतं. भोवती लाल कागदी कंदील, बांबूची बेटं, दगडी बाकं आणि लांब दाढीचा एक दगडी म्हातारा. बाईजानं चपला काढल्या, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

"आत्या, तो देव नाय," दिपिका हळूच म्हणाली. "चीनचा जुना राजा हाय. त्याच्या उकळत्या पाण्यात पानं पडली नि चहा झाला, असं तिथं लिवलंय."

"मग काय झालं? चहा दिला त्यानं. देवच तो."

दीपेश धावत आला, सगळ्यांच्या पाया पडला. त्याची आई रुपाबाई आधीच बाकावर येऊन बसली होती. तिनं सरकून चंद्रकलेला जागा दिली. चंद्रकलेनं पाय चपलांतून बाहेर काढले आणि दगडाच्या गारव्यावर ठेवले.

दीपेशनं मातीची इवलीशी किटली घेतली, पानं टाकली, वर गरम पाणी ओतलं आणि लगेच ते सगळं खालच्या ताटात ओतून टाकलं.

"अगो बाई, चहा ओतून टाकलान!" बाईजा ओरडली.

"पहिलं पाणी टाकायचंच असतं, आत्या. पानं धुतात."

"आमी भांडी धुतो, चहा नाय धुवत."

रुपाबाई खळखळून हसली. दुसऱ्यांदा पाणी ओतून दीपेशनं चहा भरला. बाहुलीच्या भातुकलीतले वाटावेत असे कप, त्यात पिवळसर चहा. दूध नाही, साखर नाही. बाईजानं कपात बघितलं आणि तो खाली ठेवला.

"कोरा?"

"चिनी लोक असाच पितात, आत्या."

"चीनमधी काय बी पितील. आमच्यात मयत झालं का दहाव्यापर्यंत शेजारी कोरा चहा आणून देतात. सोयरिकीला सुतकाचा चहा? अनंता, ऊठ. पहिल्याच घोटाला अपशकुन."

अनंता उठला. बहिणीनं ऊठ म्हटलं की तो उठायचा. दीपेशचा हात किटलीवरच राहिला. रुपाबाई घाईघाईनं म्हणाली, "मी बी पहिल्यांदा थुंकले होते हो. दूध मागवते, थांबा," आणि इकडेतिकडे बघायला लागली, पण त्या चौकात कुठंही दूध नव्हतं. दिपिका खाली बघत होती. तिचा चेहरा आधीच कपबश्या विसळायला लागल्यासारखा झाला होता.

चंद्रकलेला उठायचंच होतं. तिनं पायानं चपला चाचपल्यादेखील. पण उठायचं, एसटी पकडायची, घरी जायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आधण ठेवायचं. तिनं कप उचलला आणि प्यायली. आधी तुरट लागलं, मग जिभेच्या मागे कुठंतरी गोडसर. कप रिकामा झाला तसा दीपेशनं तो सवयीनं भरला. उष्टं टाकायचं नाही म्हणून ती तोही प्यायली. त्यानं पुन्हा भरला.

"चंद्रे, पितेस काय गो?"

"वन्सं, घरी मी काय पिते?"

"म्हंजे?"

"आपलं दूध डेअरीला जातं. उरलेलं तुमच्या भावाला, पाहुण्याला. गाळणीत मागं राहते त्या भुकटीवर पाणी टाकून मी पिते. लगीन होऊन आले तवापासून कोराच. मग मी इतकी वर्सं सुतकातच हाय का?"

अनंता बायकोकडे बघत राहिला, मग हळूच बाकाच्या कडेला बसला.

"घरी चहा कोण करतं रे?" चंद्रकलेनं दीपेशला विचारलं.

"सकाळचा मीच. आई कामाला जाते ना, तिला करून देतो."

"दूध घालून," रुपाबाई म्हणाली. "आणि साखर जास्त टाकतो मेला. डॉक्टर मला ओरडतो."

बाईजा फिसकन हसली आणि लगेच तोंड वळवून दगडी राजाकडे बघायला लागली.

"दिपे," चंद्रकला म्हणाली, "बोल."

"चालेल, आई."

"चालेल नको. लय वेळा चाललं. पायजे का?"

दिपिकानं मान वर केली. दीपेशकडे तिनं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"पायजे," ती म्हणाली.

"मग वन्सं, तुमी नि हे बसून तारखेचं बोला," चंद्रकला म्हणाली. तिनं पाठ बाकाला टेकली आणि डोळे मिटले. "मला उठवू नका जरा."