थांबलेला सबक

मुलं यायच्या आधी उंबरठा ओल्या फडक्यानं पुसायचा. शिकवायला बसण्याआधी वजू करायची, म्हणजे हात-पाय-तोंड नीट धुवायचं. पाण्याचा पहिला गिलास सगळ्यांत लहान मुलाला. कुणी चुकीचं वाचलं तरी मधे टोकायचं नाही. शेवटपर्यंत ऐकायचं, मग चूक सांगायची, तीही जवळ बोलावून, हळू. क्रोशानं विणताना एक टाका चुकला की सगळं उसवायचं.

मुनीरा आपांच्या या सवयी समीक्षाला पाठ होत्या. गोरेगाव या लहानशा गावात दोघींची घरं लागूनच. मराठी साहित्यात बी.ए. झाल्यावर ती उर्दू अक्षरं शिकायला आपांच्या ओसरीवर जाऊ लागली. तिथंच भरणाऱ्या मक्तबातल्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेतल्या, लहान पोरांच्याच ओळीत बसायची.

आपांचा नियम एकच. सबक, म्हणजे धडा, नुसता पाठ झाला म्हणजे झाला नाही. तो वागण्यात उतरला की मगच पुढचा मिळायचा. शेजारधर्माचा सबक झाला तेव्हा पोरांनी समीक्षाच्या आजारी आईचं पाणी आठवडाभर भरलं होतं.

"इल्म म्हणजे ज्ञान, ती आपल्याकडे दिलेली अमानत आहे, बेटा," आपा म्हणायच्या. "डोक्यात बंद करून ठेवली तर बेइमानी."

उन्हाळ्यात नात्यांचा सबक आला. तुटलेलं नातं आपण होऊन जोडावं, असा. पोरांनी धडाधड म्हणून दाखवला. मग छोट्या जोहरानं विचारलं, "आपा, तुमचे भाऊ देवरीले राहतात ना? तुमी कायले नाई जात?"

कुणीतरी फिसकन हसलं. 

देवरीच्या या भावानं, लतीफभाईंनी, आपल्या मुलीची शाळा दहावीनंतर बंद केली होती. आपांनी एका लग्नात, भरल्या पंगतीत त्यांना सुनावलं होतं, "शिकणं फर्ज आहे, पोरीवरही. तू तिचा हक्क मारला." लतीफभाई ताटावरून उठले. तेव्हापासून बहीण-भावांत बोलणं नव्हतं.

आपांनी किताब मिटली. "माझाच सबक कच्चा आहे. मी देवरीले जाऊन येते, मग पुढचा."

पोरं गेल्यावर समीक्षा म्हणाली, "पण आपा, तुमचं तर बरोबरच होतं."

"बात बरोबर होती. चारचौघांत बोलली, ते चूक. तुमच्यापैकी कोणाची चूक मी अशी काढते का? इल्म होतं ग, अदब नव्हती. अदब नसली तर इल्म नुसतं टोचते."

भावाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? आपांनी टोपी विणायला घेतली. पांढऱ्या दोऱ्याची, जाळीची. नजर कमी झाली होती. टाका चुकायचा. आपा उसवायच्या, पुन्हा सुरू करायच्या.

"उद्या निघा ना आपा," समीक्षा म्हणाली. " कोहमाऱ्याच्या फाट्यावर देवरीची गाडी भेटते. टोपी मागून द्या."

"तुले पुढचा सबक पाहिजे म्हणून घाई करून राहिली तू," आपा हसल्या. "भावाच्या डोक्यावर चुकलेला टाका ठेवू का मी?"

पोरं रोज तेच पान वाचत राहिली.

एका शुक्रवारी पहाटे आपा उठल्याच नाहीत.

लतीफभाई दुपारी पोचले. दफन झालं. माणसं पांगली, तरी ते ओसरीवर बसून होते. उंबरठा त्या दिवशी कुणी पुसला नव्हता. समीक्षा दिसली तशी त्यांनी विचारलं, "तू उसके पास पढ़ती थी ना, बेटी? मेरा नाम लेती थी क्या?"

समीक्षाला सगळं सांगायचं होतं. पंगत, जोहराचा प्रश्न, मिटलेली किताब.  पण ती आत गेली आणि टोपी आणून त्यांच्या हातात ठेवली.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "येणार होत्या त्या."

टोपी अर्धीच होती. क्रोशा तसाच अडकलेला. लतीफभाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, बोटांनी चाचपली. शेवटच्या घेरात एक टाका चुकला होता. तो उसवायचा राहिला होता.