मागलं फाटक

दापोलीकडचा नसरुद्दीन दोह्यात चौदा वर्षं बस हाकतोय. त्यातली सहा वर्षं त्यानं मोठ्या स्टेडियमवर बांधकामाची माणसं नेली. एशियन टाउनजवळच्या मजुरांच्या कॅम्पातनं उचलायची, मागल्या फाटकावर उतरवायची. स्टेडियम उभं राहिलं, पण त्याचं पुढचं दार काही त्यानं बघितलं न्हाई. कामच काय तिथं.

औंदा देशोदेशींचे खेळ भरले तेव्हा कंपनीनं त्याला एका बेटांच्या देशाची टीम दिली. देश एवढासा, की नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल. सहा खेळाडू, एक मॅनेजर. पाच जण दुसऱ्या मैदानांवर, आपापल्या खेळात पहिल्याच फेरीत गारद. उरली इनाया, चारशे मीटर धावणारी. तिच्या बेटावर चारशे मीटर सरळ रस्ताबी नव्हता. सरावाला सोडताना नसरुद्दीन रोज म्हणायचा, "बेटी, शर्यतीला तुला अर्धा तास आधी पोचवणार मी."

शर्यतीच्या दुपारी पहिल्यांदाच मोठ्या स्टेडियमवर जायचं होतं. नसरुद्दीन खूश. हा रस्ता त्याला झोपेतसुद्धा सापडला असता. तसाच सापडला. बस थेट मागल्या फाटकावर.

गार्ड म्हणाला, "इथनं कामगार आणि सामान, चाचा. खेळाडू पुढनं."

पुढचे रस्ते खेळांपायी बंद. आठ किलोमीटरचा वळसा पडला. पोचले तोवर शर्यतीआधीच्या हजेरीची खोली बंद झालेली. मॅनेजर आत जाऊन हातापाया पडला आणि मान हलवत बसमध्ये परतला.

थोड्या वेळानं आतनं पिस्तुलाचा बार ऐकू आला. इनायानं डोळे मिटले, बोटांवर सेकंद मोजत राहिली. साठाला थांबली. तेवढ्यात तिचे चारशे मीटर संपायचे.

मॅनेजर भला माणूस. नसरुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या, नसरूभाई. तशी ती शेवटचीच आली असती."

इनाया मागच्याच सीटवर होती. म्हणाली, "शेवटची तर शेवटची. आले असते."

रात्री खोलीवर नसरुद्दीन सोबतच्या ड्रायव्हरांना एवढंच बोलला, "हात वळला रे. मी नाय वळवला."

तिला विमानतळावर सोडायला दुसरा ड्रायव्हर गेला. नसरुद्दीननं मजुरांची बस मागून घेतली. आता त्याच स्टेडियमच्या मागल्या फाटकावर झाडलोटीची माणसं नेतो. गार्ड आत सोडायला हात करतो, "यल्ला, चला चाचा." नसरुद्दीन त्याच्याकडं बघत न्हाई.