हवालदार आणि माझं ‘न्हाय’

हवालदारांना काही विचारलं की ते आधी गप्प बसायचे. “चहा टाकू का?” म्हटलं तरी समोर बघत राहायचे आणि मग म्हणायचे, “टाका.” गावात काहीजण त्यांना बहिरे समजायचे, काहीजण गर्विष्ठ. मी गर्विष्ठ समजणाऱ्यांतली. फौजेत वीस वर्षं त्यांनी वायरलेसवर काढली होती. बटण दाबायचं, जरा थांबायचं, मग बोलायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की हातात बटण नसलं तरी ते थांबायचे. हे मला कळलं ते पाइपलाइन फुटल्यावर.

हवालदार मूळचे पाटणकडचे. सासुरवाडी आमच्या गावात, सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी. पेन्शनीत निघाल्यावर इथंच घर बांधून राहिले. आमच्या गावाला सोसायटीची पाण्याची योजना होती. पंप खाली नदीवर, हौद वर टेकावर, मध्ये दीड-दोन मैलांची चढण. हौदाजवळचा वॉल, म्हणजे पाण्याची झडप, उघडायचा, मग पंप चालू करायचा आणि शिवारात पाळीप्रमाणे पाणी सोडायचं. वरचं काम पाटकऱ्याचं. आमचे मालक पाटकरी होते. ते गेल्यावर कमिटीनं ते काम “दुसरा माणूस मिळेपर्यंत” माझ्याकडं दिलं. तीन वर्षं झाली तरी ते शब्द कागदावर तसेच होते. त्या कामावरच माझी चूल होती.

वर-खाली निरोप द्यायचा म्हणजे धोतर हलवायचं नाहीतर सायकल पिटाळायची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली कमिटीनं वॉकीटॉकी घ्यायचं ठरवलं आणि निवड हवालदारांवर सोपवली. दिल्लीचा परवाना हातात पडेपर्यंत ते दुकानाची पायरी चढले नाहीत. चेअरमन रोज विचारायचे. हवालदार थांबून म्हणायचे, “कागद येऊ द्या.”

सांगलीला दुकानात जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. विक्रेत्यानं आकडे दाखवणारा चकचकीत सेट काढला. त्यात शंभर चॅनेल होते.

“शंभर घेऊन मी काय जत्रा भरवू?” हवालदार म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “वैनी, हात भिजवा. आता डोळं मिटून चालू करा.”

विक्रेता हसला. “साहेब, मावशींना कशाला त्रास? वापरणारा माणूस आणा.”

हवालदार थांबले. “वापरणारं माणूस हेच हाय. हिला जमत न्हाय त्यो सेट मला दाखवू नगा.”

चार सेट माझ्या ओल्या हातातून गेले. तीन त्यांनी परत केले. एकाची बटणं बारीक, एकाची बॅटरी नखानं निघायची, एक गुडघ्याच्या उंचीवरून पाडल्यावर गप्पच झाला. चौथा दिसायला ओबडधोबड होता. तसले दोन घेतले, एक वर, एक खाली.

मग दुकानातला इंजिनिअर सेटला वायर लावून कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसला. हवालदार त्याच्या पाठीशी उभे राहून प्रत्येक गोष्ट वहीत पेन्सिलीनं उतरवून घेत होते. इंजिनिअर वैतागला. “काका, हे सगळं आत राहतं. लिहायची गरज नाही.”

“सेटाला काय शिकवलं ते आपल्याला ठावं पायजे,” हवालदार म्हणाले आणि लिहीत राहिले.

महिनाभर बरं चाललं. पण शेजारच्या गावातल्या कोणाच्या तरी सेटवरची बडबड आमच्यात घुसायची. हवालदार पुन्हा सांगलीला गेले आणि सेटात टोन भरून आले. म्हणजे कुलूपच. आपल्या सेटाची खूण पटली तरच आवाज यायचा. बडबड थांबली. चेअरमनांनी पेढे दिले.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी वॉल अडकला. मी पाना लावून झटत होते. खालून ऑपरेटर दिनकरनं विचारलं, “आक्का, वॉल उघडा हाय का?”

मी बटण दाबलं आणि म्हटलं, “न्हाय.”

त्यानं पंप चालू केला. मधल्या ओढ्याजवळ पाइपलाइन फुटली आणि चेअरमनांच्या चुलत्याच्या उसाचा बांध वाहून गेला.

संध्याकाळी सोसायटीत बैठक बसली. दिनकर देवाची शपथ घेऊन म्हणाला, “आक्का ‘हाय’ म्हनली.” मी म्हणाले, “मी ‘न्हाय’ म्हटलं.” तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मीही नव्हते.

चेअरमन म्हणाले, “चौथी शिकल्याली बाई. तिच्या हातात मशीन दिलं हीच चूक. उद्यापासनं दुसरा मानूस बघू.”

हवालदार कोपऱ्यात बसले होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिले. मग उठले, एक सेट टेबलावर ठेवला, दुसरा चेअरमनांच्या हातात दिला. “चेरमन, जरा देवळाच्या पलीकडं जावा. सेट तपासायचाय. मी इचारीन, तुमी नुसतं ‘न्हाय’ म्हना.”

चेअरमन कुरकुरत गेले. हवालदारांनी बटण दाबलं, थांबले आणि विचारलं, “चेरमन, राजीनामा देताय का?”

टेबलावरचा सेट खणखणीत बोलला, “हाय!”

बैठक हसायला लागली. हवालदारांनी पुन्हा विचारलं. चेअरमन चिडले असावेत, कारण या वेळचं “हाय” जास्तच ठासून आलं. तिसऱ्यांदाही तेच. दिनकर पुढं येऊन सेटाला कान लावून उभा राहिला आणि मग माझ्याकडं बघून त्यानं मान खाली घातली.

चेअरमन परत आले तेव्हा सगळे डोळे पुसत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतः सेट घेतला, दिनकरला पलीकडं पाठवून ‘न्हाय’ म्हणायला लावलं, स्वतःच्या कानांनी ‘हाय’ ऐकलं आणि खुर्चीत बसले.

“वैनीची चूक न्हाय,” हवालदार म्हणाले. “माजी हाय. कुलूप मी घातलं. ते उघडंपर्यंत बोलन्याचं पयलं अक्षर भाईरच ऱ्हातं. मला थांबायची सवय हाय, म्हनून तुमाला सांगायचं सुचलं न्हाय.” भर बैठकीत पुरुषमाणसानं आपली चूक मान्य केलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हाला शिकवलं. बटण दाबायचं, मनात ‘यमाई’ म्हणायचं, मग तोंड उघडायचं. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ सेटावर बंद. ‘उघडा’ म्हणायचं नाहीतर ‘बंद’. दिनकर सुरुवातीला यमाईचं नाव मोठ्यानंच घ्यायचा. त्याला वाटायचं तेही नियमातच आहे.

एक बदल मात्र त्यांनी कमिटीकडून लिहून घेतला. खालच्यानं विचारायचं आणि वरच्यानं उत्तर द्यायचं, ही रीतच मोडली. वरून हुकूम आल्याशिवाय खाली पंपाला हात लावायचा नाही, असं ठरलं. त्याच कागदावर पाटकरी म्हणून माझं नाव घातलं, आणि ‘दुसरा माणूस मिळेपर्यंत’ हे शब्द चेअरमनांनी स्वतःच्या पेनानं खोडले.

चार वर्षांनी हवालदारांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना लोणंदला घेऊन गेला. तिथंच वारले. मी मातीला गेले होते. तिथं फारसं कोणी मला ओळखत नव्हतं, म्हणून मागं उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे टेकावर जाऊन वॉल उघडला, सेट हातात घेतला आणि म्हणाले, “वरून पाटकरी बोलतीय. दिनकर, पंप चालू कर.”

पाणी वर आलं.