भित्रीनं निवडलेली होडी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या बाजारात मासे विकत बसले होते. पाटीत दोन मरळ आणि थोडी चिलापी उरली होती. शेजारच्या काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, आक्का विड्या वळता वळता सुपावरच वाकली ती उठलीच नाही, तू लगेच ये. खरं सांगायचं तर, आणि हे लिहिताना अजून लाज वाटते, माझ्या डोळ्यांत आधी पाणी आलं नाही. मनात पहिलं काय आलं, तर उद्या सकाळी मला विचारणार कोण? पाटी बाजारातल्या शेजारणीच्या हवाली केली आणि वडापच्या गाडीत बसले. वाटेत पुलावरून वेदगंगा दिसली, शांत, हिरवट... आणि मी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. आज पाच आठवडे झाले. पाण्याची ती भीती अजून तशीच आहे, म्हणूनच हे लिहायला बसले.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला कायम 'तुम्ही' म्हणत आले, पण लिहिताना 'ती'च येतंय, तर तसंच राहू दे. मी हिंडलग्याची. वडील शेती बघून बेळगावात नोकरी करायचे. आमच्या घरी पाणी म्हणजे नळाला येणारं, तेही एक दिवस आड. विहिरीत डोकावलं तरी मी मागं सरायची. आणि लग्न होऊन आले ती थेट नदीकाठी, शेताचा एक तुकडा आणि बाकी सगळा भरवसा जाळ्यावर असलेल्या घरात. पहिल्या वर्षी बंधाऱ्याला फळ्या घातल्या, पाणी तुंबून घाटाच्या वरच्या पायरीला लागलं, तशी मी धुणं घेऊन जायचीच बंद झाले. घरात सगळे हसायचे. आमचे हे तर पाहुण्यांसमोर सांगायचे की आमची हिंडलग्याची म्हैस पाण्याला बुजते. आक्का तेवढी हसायची नाही. ती माझं धुणं आपल्या धुण्यात घालून घेऊन जायची.

आमच्याकडं गुऱ्हाळं संपली की गुळाची जुनी काहील नदीवर येते. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. तळ जळून पातळ झाला की गुऱ्हाळवाला ती स्वस्तात काढतो, मग कुणीतरी ती पाण्यात सोडतं आणि तिच्यात बसून जाळं टाकतं. पुरात माणसं, शेरडं हिच्यातूनच पलीकडं जातात. काहील उलटत नाही, असं गावात कुणालाही विचारा, छातीठोकपणे सांगेल. उलटत नाही हे खरंच आहे. पण भरलेलं जाळं एका अंगानं वर ओढताना काठ पाण्याखाली जातो आणि ती सरळच्या सरळ तळाला जाऊन बसते, लोखंडच ते. आमचे थोरले दीर असेच गेले. पट्टीचे पोहणारे, पण पायात जाळं गुंतलेलं. आक्कानं ती काहील वर काढायला लावली, लोहाराकडून तिच्या तळाला सात भोकं पाडून घेतली, परत कुणी ती पाण्यात नेऊ नये म्हणून, आणि घरामागच्या परड्यात ठेवून तिच्यात आळू लावला. त्या आळूची भाजी मात्र तिनं कधी खाल्ली नाही. आम्हाला वाढायची.

वर्ष सरलं नाही तोवर आमच्या ह्यांनी परत नदीचं नाव काढलं. तंबाखूच्या वखारीतलं काम हंगामापुरतं, दोघा भावांचं घर आता एकच झालेलं, जाळी घरात पडून होती. हे म्हणाले, तूर्त एक काहील बघतो, पुढचं पुढं. मी वळत असलेली विडी तशीच सुपात टाकली. आक्कानं कातरी खाली ठेवली.

"काहील न्हाय. होडी घ्यायची," ती म्हणाली. "आमच्या दोघींच्या भिशीत जेवढी बसंल तेवढीच, पर होडी. आन ती सुमन बघंल."

हे हसले. सुमन म्हणजे मीच, मीही हसले, मला वाटलं चेष्टाच करतेय. मला पाण्यातलं काय कळतंय? पण आक्काचा चेहरा काही हलला नाही. ज्याला पोहता येतं त्यानं होडी बघू नये, म्हणाली, त्याच्या डोक्यात बुडाली तर पोहत येईन हेच असतं, मग त्याला दिसणार काय. ह्यांनी ते मानलं. भावाचंच उदाहरण होतं ना समोर.

अशी आमची वरात निघाली, पुढं हे, मागं आम्ही दोघी जावा. आधी गेलो हिडकलच्या धरणावर. तिथं एकाची फायबरची होडी विकायला होती, निळीशार, देखणी, दोघांनी उचलावी एवढी हलकी. ह्यांचा जीव तिच्यावरच बसला. आक्कानं मला तिच्यात बसवलं. मी देवाचं नाव घेत काठ धरून बसले. पाय टेकला तसा तळ खाली दबला, पाय उचलला तसा वर आला, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आक्कानं काठावरून विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, पायाखाली काहीतरी श्वास घेतंय. ह्यांनी कपाळावर हात मारला. आक्का मात्र मालकाला म्हणाली, तळाला हात लावून बघू दे, आणि बघितलं तर खालून बोटभर लांब चीर, वरून रंग दिलेला. मालक म्हणाला एवढ्यानं काय होतंय. आम्ही परतीची बस धरली.

दुसरी लाकडाची, दूधगंगेच्या काठाला. रुंद, भारदस्त, आणि आमच्या पैशात बसणारी. मी बसले तर डुगडुगलीसुद्धा नाही. पण मला भ्या वाटायचं ते वाटलंच, का ते सांगता येईना. आक्का म्हणाली, सावकाश बघ, घाई न्हाय. मग माझ्या ध्यानात आलं, होडी जुनी पण डांबर ताजं, वास नाकात बसतोय. जुन्या होडीला विकायच्या आदल्या दिवशी डांबर कशाला? पदराची पिन काढली आणि एका खिळ्याच्या शेजारी दाबली. उकडलेल्या रताळ्यात जावी तशी ती आत गेली. त्या दिवशी हे पहिल्यांदा हसले नाहीत. परत येताना गाडीत ते एकटेच खिडकीकडं तोंड करून बसले होते.

तिसरी मिळाली ती निपाणीच्या अलीकडं, एका वेल्डरकडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं पत्र्याची होडी केलेली, आणि सांगणारा न्यायला आलाच नाही. चौकोनी, सपाट बुडाची, दोन्ही टोकांना हवाबंद पत्र्याची पेटी जोडलेली. दिसायला इतकी कुरूप की हे म्हणाले, ही होडी हाय का गव्हाण? आक्कानं ती ट्रॉलीत घालून नदीवर आणायला लावली. आणि मग ती जे बोलली ते ऐकून माझं काळीज तोंडाशी आलं. आम्ही दोघींनी होडीत बसायचं, कमरेएवढ्या पाण्यात, आणि दोघींनी एकाच अंगाला वाकायचं. जाळं ओढताना माणूस वाकतो तसं.

दीर गेल्यापासून आक्का नदीच्या पाण्यात उतरलेली नव्हती. धुणंसुद्धा ती पायरीवर बसून बादलीनं करायची. मला वाटायचं ते दुःखापायी, भीती म्हणून हिला माहीतच नाही. ती होडीत चढली, माझ्या शेजारी बसली, माझं मनगट धरलं. आम्ही वाकलो. काठ खाली गेला, अजून खाली गेला, पाणी माझ्या बोटांना लागलं... मी ओरडले. हे धावत पाण्यात शिरले. पण काठ तिथंच थांबला. मी डोळे उघडे ठेवले होते, मला सगळं दिसत होतं, पत्र्याचा सांधा, पेटीची वेल्डिंग, पाण्यापासून काठ किती वर ते. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझं मनगट हलतंय ते माझ्यामुळं नाही. आक्का थरथरत होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे पडलेले.

मग ह्यांनी होडीत बादल्यांनी पाणी ओतलं, काठापर्यंत. तरी ती तरंगत राहिली, दोन्ही पेट्यांवर. त्या दिवशी व्यवहार ठरला.

वर पायरीवर बसल्यावर मी तिला विचारलं, आक्का, तुम्हालाच एवढं भ्या, मग मला का पुढं घातलंत? ती ओलं लुगडं पिळू लागली.

"मी भ्याले की मला कायबी दिसत न्हाय," ती म्हणाली. "तू भ्यालीस की सगळं बघतीस." मग म्हणाली, "काहील आणली त्या दिशी त्येंनी मला तिच्यात बसवलतं. गरगर फिरली. मला लई भ्या वाटलतं गं. काठावरची माणसं हसत हुती, म्हणून मीबी हसले. बोलले न्हाय."

ह्या 'बोलले न्हाय'वर तिनं पुढची सगळी वर्षं काढली. रोज सकाळी हे वल्हं खांद्यावर घेऊन निघाले की ती घाटाच्या वरच्या पायरीवर पोतं टाकून बसायची आणि मला विचारायची, आज कसं वाटतंय? मी होडी बघायची, पेट्यांचे सांधे चाचपायची, पाण्याचा रंग, वारा बघायची आणि सांगायची. 'रोजच्यासारखंच' म्हटलं की होडी सुटायची. इतक्या वर्षांत तीनदा मी 'आज जास्त भ्या वाटतंय' म्हटलं, आणि तिन्ही वेळा होडी सुटली नाही. एकदा वरून अचानक लोंढा आला. एकदा पेटीच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. आणि एकदा काहीसुद्धा झालं नाही. नदी दिवसभर आरशासारखी पडून, शेजारच्यांना पाट्या भरून मासे, आणि आमचे हे अंगणात धुसफुसत जाळं विणत बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आक्कानं तेवढं एकदाच त्यांना सुनावलं, की आज तू घरात बसून चिडतोयस ना, मग चीड, मला चिडलेला दीर चालतोय. त्यानंतर हे कधी काही बोलले नाहीत. पण मनातून त्यांना हे सगळं बायकांचं खूळ वाटायचं, आक्काच्या मानापायी ऐकतात, असंच मी धरून चालले होते.

म्हणूनच तर त्या दिवशी रडण्याआधी तो प्रश्न आला. विचारणारी गेली. आता ह्यांना कोण अडवणार? मी भ्याले तर ते कुणाला सांगू? तेरावं झालं, पाहुणे गेले. मी रोज विड्या वळायला बसायची आणि तिच्या सुपाकडं बघायची. तंबाखूची चिमूट तशीच होती त्यात, मी ती झाडली नव्हती, अजूनही झाडलेली नाही. जाळी खुंटीला लटकत होती. ती कधी खाली उतरतील ह्या धास्तीनं मला झोप नव्हती.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ह्यांनी जाळं काढलं. मी मागं मागं घाटावर गेले. पोतं दगडाखाली घडी करून ठेवलेलं होतं, आक्कानंच ठेवलेलं. हे खाली उतरले, होडीची दोरी सोडली, वल्हं आत टाकलं. आता पाय टाकणार, एवढ्यात थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. खालूनच, जरा ओशाळल्यासारखं, म्हणाले,

"आज कसं वाटतंय?"

मी खाली उतरले. दोन्ही पेट्यांचे सांधे चाचपले. पाणी बघितलं, स्वच्छ होतं. बंधाऱ्याच्या बाजूनं वारा नव्हता. छातीत मात्र धडधडत होतं, इतकं की ह्यांना ऐकू जाईल असं वाटलं. ते वल्हं न उचलता उभे होते. मी नाही म्हटलं असतं तर ते खरंच परत फिरले असते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"लई भ्या वाटतंय," मी आक्काच्या पोत्याकडं बघत म्हटलं. "पर ते नदीचं न्हाय. जावा तुमी."

त्यांनी मान हलवली आणि होडी लोटली. मी वर आले, आक्काचं पोतं उलगडलं, तिच्याच पायरीवर अंथरलं आणि बसले. डोळे मिटले नाहीत. दुपारी होडी परत घाटाला लागेपर्यंत मी पाण्याकडंच बघत होते.